मेलेल्या कॅप्टनचा कोट

८ मार्च २०२१, स्वोर्ड्स

काल दुपारी सिनेमा चालू असताना मी लॅपटॉपवर ओरडलो — तिथेच सगळं बदललं.

लॉकडाऊनमुळे दर रविवारी आम्ही सगळे मित्र आपापल्या घरून व्हिडिओ कॉलवर तीन-दोन-एक म्हणत एकदम प्ले दाबतो. काल जुना वेस्टर्न होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धातला. एक शिपाई लढाईतून पळतो, मेलेल्या कॅप्टनचा कोट घालून एका गावात शिरतो. गाव त्याला सलाम ठोकतं! एक विधवा त्या कोटाला तुटलेलं बटण लावून देते.

सलील म्हणाला, "हा कसला हीरो? पळपुटा साला!"

झालं. माईक चालू केला. "तू कधी काही सोडलंयस का रे? हीटर लावून कोड लिहिणाऱ्याला काय कळणार!" आणखीही बोललो. इथे लिहवत नाही.

निवेदिता हळूच म्हणाली — "ध्रुव, अरे, सिनेमा आहे."

१० मार्च

कॉलेज नोव्हेंबरातच सोडलं. गाईडशी भांडून, दार आपटून. आता गोदामात खोकी भरतो. रूममेट उल्हासदादा सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. निवेदिताला वाटतं, माझा थिसिस चाललाय. वाटणारच! मीच तिला एकेक प्रकरण पाठवतो. ती सँट्रीला राहते, इथून आठ-नऊ किलोमीटरवर. आठवडाभर ऑफिस, आणि शनिवारी माझं इंग्रजी सुधारत बसते. मग तासभर फोन. त्या एका तासासाठी मी कुणालाही नको असलेला थिसिस लिहितोय.

लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरबाहेर जायला बंदी. पथ्यावरच पडली — तिच्यासमोर उभं राहावं लागत नाही.

१३ मार्च

सलीलला सॉरी पाठवलं. "ग्रँड रे, विसर." इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२७ मार्च

तिसरं प्रकरण पाठवलं. पाठवणार नव्हतो!

उल्हासदादा भांडी घासता घासता म्हणाला, "आणखी किती प्रकरणं रे बाबा? दहावं झालं की मागणी घालणार का?" भडकलो. प्रेसचं, म्हणजे भांड्यांच्या कपाटाचं, दार असं आपटलं की आतली बशी फुटली. तुकडे त्यानंच गोळा केले.

११ एप्रिल

उद्यापासून काउंटीभर, म्हणजे जिल्हाभर, फिरायला मोकळीक. तिचा फोन — "भेटू या ना! किती महिने झाले."

"डेडलाइन आहे गं," म्हणालो.

डेडलाइन! जीभ कशी झडली नाही माझी.

१२ एप्रिल

सकाळी तिची मेल. तिसरं प्रकरण, स्वल्पविरामांसकट तपासलेलं. शेवटी दोन ओळी — "तुझ्या वर्गातल्या स्वप्नालीनं जानेवारीतच सांगितलं होतं. तू स्वतः सांगशील म्हणून वाचत राहिले."

उत्तर चारदा लिहिलं, चारदा पुसलं.

सँट्रीला चालत दोन तास लागतील. निघतो. दार या वेळी हळू लावीन.