शानवू ३.०, ऑगस्टमध्ये नक्की

३ मार्च, सकाळ
रोडमॅप ठरला. शानवू ३.०, म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, ऑगस्टमध्ये, तैपेईच्या परिषदेत, मुख्य मंचावर. अकरा नवी फीचर्स. एकट्याने दोन तासांत लिहिला. समिती बसवली असती तर सहा महिने गेले असते.

४ मार्च
शिनचूच्या सोयादुधाच्या दुकानात मीटिंग. हजर मी आणि श्युए ली-चिन. टीममधले बाकीचे चौदा जण ऑनलाइन. त्यांचा आवाज आला नाही, म्हणजे संमती.
ली-चिन नऊ वर्षं शानवूत आहे. दिवसा तंत्रशाळेत शिकवते, उरलेल्या वेळात माझ्या कोडवरून शेवटचा हात फिरवते. म्हणजे टेस्टिंग, दुरुस्ती, माहितीपुस्तिका, रिलीज. बारीकसारीक कामं.
तिने रोडमॅप वाचला, तळलेली पिठाची कांडी दुधात बुडवली आणि म्हणाली, लाओ-त्साओ, एक मशीन बंद पडलं की बाकीच्यांवरच्या प्रतीही कोऱ्या होतात, ती चूक दुरुस्त करायचं यात कुठे आहे?
मी म्हटलं, पान दोनवर.
ती म्हणाली, पान दोन नाहीये.
मी म्हटलं, येईल.

११ मार्च
त्या चुकीला 'पुढे बघू' असं लेबल लावलं. लेबल लावलं की अर्धं काम होतं. शिवाय शानवू जुनेपाने कॉम्प्युटर एकत्र बांधून त्यांचा क्लाउड करून देतं, तेही फुकट. फुकटात इतपत चालतं. (हे कुठे बोलायचं नाही.)

२६ मार्च
पेंगहू बेटावरून फोन. तिथल्या एका लहान मासेमार संस्थेचे चिटणीस, औ काका. सत्तरी ओलांडलेले. चार जुनी मशीनं, त्यांवर शानवू. बोटी कुठे गेल्या, कधी परतल्या, कुठल्या खडकाला जाळं अडकतं, अशा तीस वर्षांच्या नोंदी त्यांनी एका बोटाने टाइप केल्यात. विचारत होते, बाबा, आमचं सगळं सुखरूप आहे ना?
म्हटलं, काका, डोंगरासारखं.
म्हणाले, आमच्या बेटावर डोंगर नाही रे.
मजेशीर म्हातारा.

१९ एप्रिल
अकरापैकी एकही फीचर झालेलं नाही. लोगो झाला. फीचर्स सोळा केली. टीम रेंगाळली की ध्येय मोठं करावं लागतं.

८ मे
ली-चिनने ती चूक दुरुस्त करून पाठवली. तीन आठवड्यांच्या सगळ्या सुट्ट्या घातल्या म्हणे. कोडच्या दोन हजारांवर ओळी. नाकारल्या. कोडमधली नावं माझ्या पद्धतीने दिलेली नव्हती, आणि तो भाग ३.० मध्ये मी मुळापासून लिहिणारच आहे. कारण नम्रपणे दिलं: 'प्रोजेक्टच्या दिशेला धरून नाही.'
तिचं उत्तर: 'ठीक.'
समजूतदार आहे.

१७ जून
वादळ. पेंगहूत दोन दिवस वीज नव्हती. आज आली आणि औ काकांचा फोन आला. एक मशीन जळलं. बाकी तीन चालू आहेत, पण उघडून बघतात तर सगळं कोरं.
ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बाबा, ज्यांना विचारून लिहिलं ते सगळे गेले रे. आता मी कुणाला विचारू?
मी सांगितलं, ३.० मध्ये असं होणार नाही.
म्हणाले, हो का.
पलीकडे पंख्याचा आवाज.
नोंद: दोष विजेचा.

१८ जून
वेगळी प्रत ठेवणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे.
पाहिलं. लिहिलेलं नाही.
लिहिलं.

२ जुलै
ली-चिनचा फोन. सलगीचं 'लाओ' गाळलं, सरळ त्साओ पो-येन म्हणाली. शाळा सुटल्यापासून माझं पूर्ण नाव कुणी असं घेतलं नव्हतं.
म्हणाली, पेंगहूला जाऊन आले. जळलेल्या मशीनमधून निम्म्याहून कमी निघालं. काकांनी मला कालवं खाऊ घातली आणि तुझी चौकशी केली. काय सांगायचं होतं मी त्यांना?
म्हटलं, सांगायचं, रोडमॅपवर काम जोरात चालू आहे.
फोन कट झाला. तिच्याकडे रेंज नसावी.

९ जुलै
ली-चिन गेली. तिच्याबरोबर चौदाच्या चौदा जण. कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे तो उचलून त्यांनी वेगळा संसार थाटला. खुला मीच ठेवला होता. माझा मोठेपणा.
नव्या प्रोजेक्टचं नाव तंगथा, म्हणजे दीपस्तंभ. रोडमॅपमध्ये एकच ओळ: 'कुणाचं काही हरवू नये.' याला काय रोडमॅप म्हणतात?
जमेची बाजू: शानवूत आता मतभेद उरले नाहीत.

१० ऑगस्ट
परिषद. मुख्य मंच मिळाला नाही. तळमजला, जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं. नऊ जण आले, पैकी सात जण जेवणाचे डबे घेऊन. सोळा फीचर्सची स्लाइड लावली. एका बाईंनी हात वर केला. म्हटलं, विचारा. त्यांनी विचारलं, या खुर्चीवर कुणी बसलंय का?
वर मुख्य मंचावर टाळ्या वाजत होत्या. ली-चिन बोलत होती. जिन्यात उभा राहून ऐकलं. म्हणाली, याचा पाया त्साओ पो-येन यांनी घातला. 'यांनी' म्हणाली. परक्यासारखं.

४ ऑक्टोबर
३.० लांबणीवर. कारण: दर्जा.

२१ नोव्हेंबर
घरच्या तीन मशीनांवर तंगथा टाकून पाहिलं. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. चालू असताना एकाची वायर उपटली. काही हरवलं नाही. दुसऱ्याची उपटली. नाही. दुपारपर्यंत उपटत होतो. आतला कोड उघडला. मी नाकारलेल्या त्याच दोन हजार ओळी. नावंही तीच. वाचताना कळलं की नावं चांगली आहेत.
चार वाजता मदतीच्या पानावर एक शुद्धलेखनाची चूक सापडली. दुरुस्त करून पाठवली.

२२ नोव्हेंबर
दुरुस्ती स्वीकारली. सोबत आपोआप जाणारं पत्र: 'तंगथामध्ये स्वागत! हे तुमचं पहिलंच योगदान दिसतंय. बिचकू नका, सगळेच कधीतरी नवशिके असतात. नव्या मंडळींसाठी सोप्या कामांची यादी खाली देत आहोत.'
यादी वाचली. तिसरं काम जमेल असं वाटतं.