मधल्या भिंतीतले स्पीकर

२१ जानेवारी

अण्णा दारात उभ्या उभ्या बोलून गेला. आम्हा बहीण-भावात घराची वाटणी झाल्यापासून माझ्याकडे आला की दारातूनच.

"शिवलीला, या वयात भिंतीत स्पीकर? एकट्या बाईला कशाला लागतंय ते?"

म्हटलं, एकटीलाच लागतंय.

लोक हसतील म्हणाला. हसू देत. चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात अर्धं आयुष्य गेलं. मागांचा खडखडाट असा, की शेजारची बाई काय बोलते ते ओठांकडे बघून ओळखायचं. बाई, तुला काय ऐकायचंय, असं कुणी विचारलं नाही. आता रिटायर झाले. माझ्या वाटणीचं घर वडिलांनी माझ्या नावावर केलेलं, कान माझे. स्पीकर बसणारच.

२४ जानेवारी

ताबीश माप घेऊन गेला. होटगी रोडला त्याचं स्पीकरचं दुकान आहे. पोरगा समजावून सांगतो, घाई करत नाही. मी विचारलं, खोक्याशिवाय स्पीकर वाजतो कसा?

म्हणाला, स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. पुढचा आवाज खोलीत येतो, पण तेवढाच आवाज मागेही जातो. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की एकमेकांना खातात. तबल्याचा, डग्ग्याचा जाड आवाज तर आधी मरतो. म्हणून मागचा आवाज कोंडायला खोकं लागतं. भिंतीतल्या स्पीकरला खोकं नसतं, भिंतीची पोकळीच त्याचं काम करते.

पण आमच्या भिंती विटांच्या, भरीव. म्हणून विटांच्या पुढे पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट मारायची आणि तिच्यावर जिप्समचे बोर्ड ठोकायचे. खोटी भिंत. जागा ठरली ती मधली भिंत, अण्णाच्या आणि माझ्या घरातली. घर एक होतं तेव्हा तिथे दार होतं. वाटणीनंतर अण्णाने ते विटांनी बुजवलं. माझ्या बाजूला कोनाडा उरला. एक स्पीकर बरोबर तिथे येतो. ताबीश म्हणाला, "आत खोलगट जागा आयती मिळाली की, ताई."

भिंतीच्या पलीकडे वहिनींची खोली. चंद्रव्वा वहिनी न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. भेटायला गेले होते. अण्णा म्हणाला, झोपलीय. परत गेले, तेव्हाही झोपलेल्याच. तिसऱ्यांदा गेले नाही. मलाही मान आहे.

३० जानेवारी

बसले!

बोर्डाला गोल भोकं पाडली, वायर आतून ओढून घेतली, स्पीकर चेपून बसवले. खुर्चीत बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीला. वर जाळी, जाळीला भिंतीचाच रंग. बघणाऱ्याला काही दिसत नाही. ताबीशने मधली छोटी वाटी बोटाने माझ्या खुर्चीकडे वळवली. बारीक आवाज तिच्यातून येतो म्हणे, जिकडे तोंड करावं तिकडे जातो.

आधी सनई लावली. मग कानडी भजनं. गाणारी बाई जणू समोर बसून गात होती, तिने श्वास घेतलेलाही कळला. पाय पसरून बसले. आज पाणी आलं होतं, भरायचं राहिलं. राहू दे.

२ फेब्रुवारी

अण्णा परत दारात.

"काढून टाक ते. तुझ्या वहिनीला लई त्रास होतोय."

"वहिनी म्हणाल्या तसं?"

"ती काय म्हणणार? मी सांगतोय की."

"मग नाही काढणार."

"भिंत दोघांची आहे."

"विटांची भिंत दोघांची. खोटी भिंत माझी."

तोंड लाल करून गेला. मी भजनं लावली. मुद्दाम.

३ फेब्रुवारी

बाळाबाई दोन्हीकडे भांडी घासते. तिला विचारलं, वहिनींना खरंच त्रास होतो का? "मला मधी घेऊ नका, अक्का," एवढंच बोलली.

सकाळपासून बेचैन आहे. मी कारखान्यात लागले तेव्हा अण्णाने अबोला धरला होता. वहिनी मागच्या दाराने डबा आणून हातात द्यायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. एक शब्द न बोलता.

अण्णासाठी काही करणार नाही. वहिनींसाठी करीन. पण काढणार नाही, म्हणजे नाही.

६ फेब्रुवारी

आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून ताबीशला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला. बुजवलेल्या दारात विटांचा एकेरी थरच निघाला. शिवाय दोन्ही घरांचे जुने स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून, मध्ये आरपार भोक. कोंडलेला मागचा आवाज तिथून सरळ पलीकडे जायचा. "चूक माझीच, ताई. मागं बंद डबे बसवायला पायजे होते."

आता बसवले. स्पीकरच्या पाठीला लाकडी डबे, भोवती आवाज शोषणारी दगडी लोकर गच्च भरली, भोक बुजवलं. मग गाणं चालू ठेवून तो अण्णाच्या घरी ऐकायला गेला. त्याला आत घेतलं. मला घेत नाहीत.

"कायच येत न्हाई तिकडं," म्हणाला.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"कायच न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या."

९ फेब्रुवारी

मोठ्याने वाजवलं. पलीकडून हूं नाही की चूं नाही. जिंकले.

१२ फेब्रुवारी

अण्णा रस्त्यात भेटला. "काढलंस ते बरं केलंस."

"काढलं नाही. रोज वाजतंय. ये ऐकायला."

मी भाजी घेऊन घरी आले. लई दिवसांनी अशी ताठ चालले.

१५ फेब्रुवारी

अण्णा सकाळच्या गाडीने कुर्डुवाडीला गेला आणि थोड्या वेळाने दार वाजलं. वहिनी. वॉकर धरून, एका बाजूला बाळाबाई. घामाने भिजलेल्या. मी खुर्ची ओढली, पण त्या बसायच्या आधीच बोलल्या.

"भजनं का बंद केलीस गं?"

"तुम्हाला त्रास होतो, अण्णा म्हणाला."

"मला? मी तर रोज वाट बघत पडत होते. तेवढंच वाजलं की कळायचं, तू हायीस. तू तर यायचीच बंद झालीस."

"तुम्ही झोपलेल्या असायच्या."

"कधी?"

मग त्यांना धरून बसवलं आणि ताबीशला फोन लावला. मागचे डबे काढ म्हटलं.

"ताई, मग आवाज पलीकडं जाईल की."

म्हटलं, जाऊ दे.