समासातला पंचकोन

राजाजीनगर, बंगळूर

अहो,

दुसरं काय लिहू वर? संसारभर याच एका शब्दाने तुम्हाला हाक मारली. आता वर्षश्राद्धही झालं, आता नाव घेऊन काय करू?

आज पोस्टमनने परत एक कार्ड टाकलं. परदेशातलं, नेहमीचंच: आपल्या लेखाची एक प्रत पाठवावी, आभारी होऊ. तुम्ही गेलात हे त्यांना कोण सांगणार? मीच पाठवत असते प्रती. पण आज हात अडला, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. दमले हो मी.

तुमच्या त्या कडू सालीपायी या घराने काय काय सोसलं! येलहंका गावाकडून सालीची पोती यायची, प्रयोगशाळेत त्यांचा अर्क निघायचा आणि वास मात्र माझ्या घरी यायचा. बाहेरच्या नळावर हातपाय धुवून सदरा बदलल्याशिवाय मी तुम्हाला स्वयंपाकघरात घेत नसे. तरी पानावर बसलात की आधी बोटं हुंगायचात! हेब्बाळच्या तळ्यावर नेईन, नेईन म्हणत एकदाचं नेलंत, तर तिथेही झाडांच्या साली खरवडत फिरलात. मी डबा उघडून बसले होते.

एवढं करून हाती काय आलं? त्या सालीतल्या द्रव्याची रचना. कागदावर कोनांना कोन जोडलेले, मला तर ती रांगोळीच वाटायची. ती तुमच्या लेखात छापून आली तेव्हा मी सगळ्या गल्लीत म्हैसूरपाक वाटला होता.

मग काही वर्षांनी तिकडे नवीन यंत्र निघालं आणि कुणीतरी दाखवून दिलं की त्यातलं एक कडं चुकलंय. तुम्ही सहा कोनांचं म्हणाला होतात, ते पाचच कोनांचं निघालं. तुम्ही उन्हाळाभर तोच प्रयोग पुन्हा केलात. एक दिवस घरी येऊन म्हणालात, "बरोबर आहे त्यांचं." आणि हातपाय धुवायला गेलात.

तुम्हाला राग कसा आला नाही? मला आला! त्याहून जास्त आला तो तुम्ही प्रत्येक प्रतीच्या समासात आपल्या हाताने लिहायला लागलात तेव्हा: हे कडं चुकलं आहे, बरोबर असं. शेजारी छोटासा पंचकोन, खाली सही. मी म्हणाले, "वाणी कधी सांगतो का, माझ्या डाळीत खडे आहेत म्हणून?"

"सांगितलं तर गिऱ्हाईक निवडून घेतं. नाहीतर त्याचा दात पडतो. माझी वर्षं गेली ती गेली, अगं, आणखी कुणाची कशाला?"

तुम्ही लिहून ठेवलेल्या प्रती आता संपल्या. उरलेल्या गठ्ठ्याचे समास कोरे आहेत.

तुमचा विद्यार्थी वेंकटेश आला होता सकाळी. आता तुमच्याच विभागात शिकवतो. म्हणाला, "अम्मा, इतरांच्या लेखांत सरांच्या या लेखाचा जेवढा उल्लेख होतो, तेवढा आमच्या विभागातल्या दुसऱ्या कशाचाच होत नाही." माझा ऊर भरून आला. विचारलं, "काय लिहितात रे त्यात?" "स्वल्प थांबा अम्मा," म्हणाला, आणि आधी हातातली कॉफी संपवली. मग हळूच म्हणाला, "बहुतेक जण लिहितात, ही रचना पहिल्यांदा सरांनी मांडली, पुढे ती दुरुस्त झाली."

एवढंच? अख्ख्या आयुष्याचं एक वाक्य, आणि त्यातलंही अर्धं दुसऱ्याचं!

कोऱ्या प्रतींचं त्याला सांगितलं, तर म्हणाला, "तशाच पाठवा अम्मा. कोण विचारतंय?" मला ते पटलं. कोऱ्या प्रतीवर तुमचं नाव किती स्वच्छ दिसतं! निदान एका पाकिटात तरी तुम्ही चुकलेले नसाल. प्रत आत घातली, खळ लावली, पाकीट बंद केलं.

मग ते कार्ड परत हातात घेतलं. अक्षर गिचमीड आहे, घाईचं, कुणीतरी तरुण असावा. त्याच्याही बोटांना वास येत असेल. त्याच्यासाठीही कुठेतरी कुणी डबा उघडून बसली असेल, नाही का?

पाकीट फाडलं मी.

तेव्हा ऐका. वेंकटेशकडे तुमच्या हातची एक प्रत आहे, ती मागवून घेते. ती समोर ठेवून एकेक अक्षर उतरवीन, या प्रतीवर आणि गठ्ठा संपेपर्यंत प्रत्येक प्रतीवर. पंचकोन मला जमेल, इतकी वर्षं दारात रांगोळी काढतेय. तुमची सही मात्र मी करणार नाही. खाली माझं नाव घालीन, म्हणजे कुणी विचारलंच, तर उत्तर द्यायला मी आहे.

तुमची,
शारदा