पंधरावी काठी

सोमवार, ३ नोव्हेंबर. इनेझगान

रमजानपासून एक अक्षर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही – हरलेलं लिहायचा कंटाळा. ट्युनिसला हरलो, इजिप्तमध्ये दोनदा हरलो, तुर्कस्तानात तर पोट बिघडून हरलो. मधेच महिनाभर तांजियरला मासळीच्या बोटीवर होतो, तिथला स्वयंपाकी म्हणजे एक – जाऊ दे, मुद्दा राहतो.

मुद्दा असा: उद्यापासून इथून जवळच अगादिरला गोल्फची चार दिवसांची पात्रता फेरी. पहिले दहा जण वर्षभर मोठ्या स्पर्धा खेळणार. बाकीचे घरी. माझा हा चौथा प्रयत्न, आणि शेवटचा. नाही जमलं तर इजिप्तमधल्या हुरघाडाच्या हॉटेलात शिकवणी! सुट्टीवर आलेल्या फ्रेंच लोकांची कोपरं सरळ करत बसायचं. जन्मभर.

इद्दर आलाय. माझा मावसभाऊ आणि कॅडी. थैली तो वाहणार, वारा तो बघणार, शिव्याही तोच खाणार. आल्या आल्या म्हणाला, "अनिर, जाड झालास रे. चेंडू जाईल लांब, तू पोचणार नाहीस." गाढव.

माझ्या बापाला कळवलं नाही. तीन वर्षं आमचं बोलणं नाही. माराकेशच्या गोल्फ कोर्सवर गवत कापतो तो. मलाही तिथल्याच यंत्रावर बसवणार होता. मी निघालो तेव्हा म्हणाला, "गवत आपण कापायचं. खेळायचं त्यांनी." आणि गोल्फची काठी माझ्या हातात दिली कोणी? यानंच! चिडलेले शेठ तळ्यात काठ्या भिरकावतात. हा चिखलात उतरून त्या काढायचा, घासायचा, मूठ नवी गुंडाळायचा. स्वतः कधी एक फटका मारला नाही. तसल्या एका काठीवर मी शिकलो. आणि मग म्हणे खेळायचं नाही!

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन दिवसांअखेर सहावा! एवढ्या वाऱ्यात! इद्दर म्हणतो, "नाक वर करू नकोस, टोपी पडेल."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गेलं. आज लिहीत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

थैलीत चौदाच काठ्या चालतात. पंधरावी निघाली की दंड. शेंबड्या पोरालाही माहीत. सकाळी पहिल्या फटक्याआधी मोजायच्या, हे कॅडीचं काम.

काल तिसऱ्या होलला माझा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. थैलीत हात घातला तर मूठच अनोळखी. ओढून बाहेर काढली. माझी नव्हतीच ती! आखूड, चकचकीत, कंपनीचं नावसुद्धा घासून गेलेलं.

इद्दरचं तोंड पांढरंफटक. "मोजल्या होत्या मी. काल संध्याकाळी. चौदा. आईची शपथ."

"आणि आज?"

"आज… थैली रात्रभर कोर्सच्या कोठीत होती ना, कुलपात. परत कशाला मोजायच्या?" मग हळूच – "झुडपात टाकू? तुझ्याबरोबर खेळणारा तो पोर्तुगीज तिकडे बघतोय."

टाकली असती तर! कोणाला कळलं असतं? पण माझ्या तोंडून पंचाला हाक गेली. या खेळात आपली चूक आपणच सांगायची! कुठल्या शहाण्यानं ठरवलं कोण जाणे. दंड चार फटके, माझ्या बेरजेत वाढले. संध्याकाळी फळ्यावर मी दहाव्या माणसाच्या तीन फटके मागे. तीन! हे कळायला शाळा लागत नाही.

इद्दरला सगळ्यांसमोर बोललो. "कोणाची चोरलीस? विकायला लपवली होतीस ना माझ्या थैलीत?" त्याला वाटलं मी थट्टा करतोय. हसला आधी. मग नाही हसला. थैली खाली ठेवली, माझी पाण्याची बाटली तिला नीट टेकवून उभी केली आणि चालू लागला.

ती काठी मी अठराव्या होलच्या तळ्यात भिरकावली. जोरात. झालो एकदाचा शेठ!

रविवार, ९ नोव्हेंबर

इद्दर फोन उचलत नाही. कुठल्या तोंडानं उचलेल?

हुरघाडाहून फोन आला. "या लवकर, पांढरी पँट आणा." हो म्हणालो. पांढरी पँट! हॉटेलातले वाढपी पण पांढरीच घालतात.

घरमालकीण लाला फाद्मा शुक्रवारचं उरलेलं कुसकुस गरम करून घेऊन आली. "खा रे लेकरा. चेंडूच तो, माणूस तर नाही ना मेलं?" तिच्यावरही खेकसलो. ती ताटली ठेवून गेली. खाल्लं नंतर. गाजरं चांगली होती, तेवढंच.

सोमवार, १० नोव्हेंबर

सामान भरत होतो. खालून लाला फाद्मा ओरडली, "अनिर! तुझा बा आलाय रे, माराकेशहून!"

जिन्यात त्याचा आवाज. तिला सांगतोय, धापा टाकत – "गेल्या गुरुवारी रात्रीच्या बसनं आलो होतो. कोठीचा राखणदार आमच्याच गावचा, पोरगा इथं खेळतोय हे त्यानंच कळवलं होतं, त्यानंच पहाटे कुलूप उघडून दिलं. पोराला नाही उठवलं, बोलत नाही ना तो माझ्याशी. थैलीत काठी ठेवली आणि आल्या पावली परत गेलो. उन्हाळाभर घासत होतो ती. वाळूतून चेंडू काढायला अशी दुसरी नाही. चालली का, तेवढं विचारतो अन् निघतो."

दार वाजतंय.