सोबत चालणाऱ्याची सही

२ नोव्हेंबर २०१४, रविवार
आजपासून गोल्फ सिरीयसली. रेल्वेकडून हॉकी खेळलेल्या माणसाला यात अवघड काय? बॉल एका जागी पडलेला, अंगावर येणारं कोणी नाही, पळायचं नाही. उजवा पाय गुडघ्याखाली नकली आहे, पण चालायला काय लागतं? जानेवारीत नागपूरला अपंग खेळाडूंची टूर्नामेंट आहे. ट्रॉफीसाठी टीव्हीवरची जागा मोकळी केली.

५ नोव्हेंबर
बॉल उडत नाही, जमिनीवरून घरंगळतो. हॉकीत स्टिक खांद्याच्या वर गेली की फाउल, म्हणून हात तिथंच थांबतो. हरकत नाही. खाली राहिलेल्या बॉलला हवा लागत नाही.

९ नोव्हेंबर
क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, एंट्रीसोबत एका राउंडचं स्कोअरकार्ड लागेल, आणि त्यावर पूर्ण राउंड सोबत चालणाऱ्याची सही. खेळणारा नसला तरी चालेल. मी म्हणालो, माणसांची काय कमी? बाकी मेंबर आपापल्या चौकडीत चालतात. त्यांना विचारून डिस्टर्ब केलं नाही. माझा हिरालाल आहे. दहा वर्षं एका टीममध्ये होतो.

१६ नोव्हेंबर
हिऱ्याला फोन केला. माया वहिनी म्हणाल्या, भाऊजी, ते आंघोळ करून राहिले.

१९ नोव्हेंबर, सायंकाळ
परत फोन. परत आंघोळ. हिऱ्या फार स्वच्छ राहायला लागला आहे.

२३ नोव्हेंबर
एकटाच खेळलो. आमच्या राज्याच्या नव्या राजधानीचे रस्ते एवढे रुंद, आणि त्यावर एक कुत्रं. अश्विनला फोनवर सांगितलं, तुझा बाप नागपूर गाजवणार. पोट्टा म्हणाला, पापा, मीटिंग में हूँ.

३० नोव्हेंबर
शेवटी हिऱ्या सापडला, फोनवर. माझा पाय गेला त्या दिवशी उरला रोडवर गाडी तो चालवत होता, पण चूक ट्रकची होती. त्याला हे दर वेळी समजावून सांगतो. आजही सांगितलं. तो म्हणाला, हव, येतो एखाद्या दिवशी. म्हणजे येणारच.

७ डिसेंबर
आला नाही. लग्नसराई आहे.

१४ डिसेंबर, एंट्रीचा शेवटचा दिवस
हिऱ्या आला. म्हटलंच होतं. गेटवर बाइक चालूच ठेवून म्हणाला, कुठी पाहिजे सही? मी म्हणालो, अबे, आधी खेळू तर दे, सोबत चाल. तो खाली मान घालून म्हणाला, गौतम, तुले चालताना पाहवत नाही मले. तू फोनवर चूक ट्रकची म्हणतो ना, मग मी दिवसभर जेवत नाही. आकडे तूच भर, पाहिजे ते भर.
टाकीवर कार्ड ठेवून सही केली आणि गेला.
कार्ड कोरंच ठेवलं. एंट्री पाठवली नाही. पुढच्या वर्षी तयारीला वेळही जास्त मिळेल.
सही मात्र छान आली आहे. चालू गाडीवर इतकी सरळ रेघ ओढायला हात स्थिर लागतो.