रिकाम्या परतीचे भाडे

६ फेब्रुवारी १९५५, रविवार. सकाळी ९

घडले ते क्रमाने. मत नाही, फक्त नोंद.

१. ९ जानेवारी, रविवार, सकाळी १० वाजून २० मिनिटे. बालीगंजचा आमचा फ्लॅट, मधली खोली. बाबा (वय ६३) स्टुलावरून पडले.
२. स्टुलाची उंची २२ इंच. एक पाय पाव इंच आखूड. हे मी नंतर मोजले.
३. स्टुलावर कशाला चढले होते, सांगत नाहीत. असंच, म्हणतात.
४. जमिनीवर सापडले ते: स्टूल, चष्मा (शाबूत), माझा होल्डॉल (प्रवासाची वळकटी), बाबा.
५. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर.
६. डॉक्टर सेन म्हणाले, आगगाडीचा प्रवास नाही.
७. नागपूरला दादाकडे हवा कोरडी. हाडाला कोरडी हवा चांगली.
८. तेव्हा बाबांना विमानाने नागपूरला न्यायचे.
९. याच्याशी संबंध नाही, पण नोंद पुरी असावी म्हणून: ७ जानेवारीला दिल्लीच्या प्रयोगशाळेचे पत्र आले. वजने-मापे या विषयात दोन वर्षांचे ट्रेनिंग. होकार २० मार्चपर्यंत कळवायचा, हजर १ एप्रिलला. पत्र खणात आहे. कुणाला दाखवलेले नाही.

दादाला अपघाताचे कळवलेले नाही. विमानाचा आकडा हातात आला की एकदमच कळवीन. अपुरी माहिती पाठवणे माझ्या शिस्तीत बसत नाही. आठ दिवसांचे काम आहे.

८ फेब्रुवारी, मंगळवार

नेहमीच्या विमानाच्या तिकीट-खिडकीवर गेले. तिथला माणूस म्हणाला, पेशंटला पाय दुमडता येत असेल तर सीट आहे. येत नाही. म्हणजे पूर्ण विमानच भाड्याने घ्यायला हवे.

चौरंगीवर दुसऱ्या मजल्यावर एक चार्टर कंपनी आहे. घोषालबाबू नावाचे गृहस्थ. त्यांनी विचारले, माल काय? मी म्हटले, माझे वडील. आडवे न्यायचे आहेत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, हळहळले आणि म्हणाले, डेड बॉडीचा रेट वेगळा असतो. मी सांगितले, वडील जिवंत आहेत, चांगले बोलतात. मग पुन्हा पेन्सिल उचलली.

डाकोटा विमान. उडण्याच्या दर तासाला ६०० रुपये. दमदम विमानतळ ते नागपूर अंदाजे ६०० मैल, चार तास. २,४०० रुपये. माझा पगार २२५. म्हणजे १०.६७ महिन्यांचा पगार. अवघड आहे, अशक्य नाही.

आकडा मिळाला. काम जवळजवळ झाले.

१० फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना खर्चाचा तक्ता दाखवला. ते एकतीस वर्षे रेल्वेच्या भाडे-कचेरीत होते, त्यामुळे कागद दिसला की लाल पेन्सिल मागतात.

विचारले, नागपूरला गेल्यावर विमान काय करणार? म्हटले, उतरणार. पुढे? पुढे परत येणार. रिकामं? म्हटले, ते त्यांचे ते बघतील.

बाबा हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाले, अगं बाई, रिकामा डबा परत येतो तो कुणाच्या तरी पैशानंच येतो. यावरच तर माझी भाकरी चालली एकतीस वर्षं.

घोषालबाबूंना ऑफिसातून फोन केला. बरोबर आहे. जाऊन-येऊन आठ तास, ४,८०० रुपये. शिवाय विमान रात्रभर थांबले तर वेगळे. हे आधी का सांगितले नाही म्हटले, तर म्हणाले, बहुतेकांना सांगावे लागत नाही.

२१.३३ महिने.

निश्चय: परतीसाठी माल शोधायचा. तो मिळाला की परतीचे भाडे आपल्यावर नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

विमानासाठी वजन नक्की हवे. मी नोकरी करते त्या इथल्या वजने-मापे प्रयोगशाळेतला छोटा प्लॅटफॉर्म काटा परवानगी काढून टॅक्सीने घरी आणला. आधी खुर्चीचे वजन, मग खुर्चीसकट बाबांचे. निव्वळ १४१ पौंड, प्लास्टरसह.

खालच्या मजल्यावरच्या प्रेमलताकाकू तेवढ्यात वाटीभर सांजा घेऊन आल्या. दारातच थबकल्या. म्हणाल्या, अगं बाई, श्यामरावांची तुला करत्येस की काय? गुळाची का साखरेची? बाबा म्हणाले, प्लास्टर वजा करून करा म्हणावं, नाहीतर गूळ फुकट जायचा.

मग काकूंनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, शकू, त्यापेक्षा दादाला दोन ओळींचं पत्र टाक ना. ये म्हणावं, बघ म्हणावं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

काकूंना तांत्रिक बाजू समजत नाही. शिवाय तीन वर्षांपूर्वी बाबा नागपूरला महिनाभर म्हणून गेले आणि अकराव्या दिवशी परत आले. दोन खोल्या, दोन मुले. सुनीतीवहिनी बोलली काहीच नाही, पण भांडी जोरात ठेवायची म्हणे. अशा घरी पत्राने विचारले तर पत्राने नाही म्हणता येते. विमान दारात आल्यावर कोण नाही म्हणेल?

(दारात म्हणजे सोनेगावच्या विमानतळावर. तिथून घरापर्यंतच्या गाडीचे भाडे तक्त्यात धरायचे राहिले आहे.)

१६ फेब्रुवारी, बुधवार

खिदिरपूरला गोदीतला मोठा वजनकाटा तपासायला गेले. रिपोर्टमध्ये एका ओळीत वाचनाऐवजी ४,८०० लिहिले. साहेबांनी दाखवले. नोकरीच्या चार वर्षांत पहिली चूक. ऊन फार होते.

साहेबांनी जाता जाता विचारले, दिल्लीचं काय ठरलं? शिफारस त्यांचीच आहे. सांगितले, सध्या घरी एक हिशोब चालू आहे. तो आधी.

१९ फेब्रुवारी, शनिवार

सियालदहजवळच्या घाऊक बाजारात. कल्पना सोपी आहे: विमान नागपूरहून संत्री घेऊन परत येईल.

व्यापारी गादीवर बसूनच होता. सगळे ऐकले, एक संत्रे सोलले, अर्धे मला दिले. म्हणाला, बहनजी, संतरा क्या लाट साहब है जो हवाई जहाज से आएगा? रेल्वेचा डबा स्वस्त पडतो, आणि दार्जिलिंगचे संत्रे इथे ढिगाने आहे. मी विमानाचा वेग सांगितला. तो म्हणाला, संत्र्याला घाई नाही.

संत्रे आंबट होते. दुसरा व्यापारी शोधीन. (सहा शोधले. तेच उत्तर.)

२२ फेब्रुवारी, मंगळवार

घोषालबाबूंचा तोडगा: जाताना बर्फातले मासे भरायचे. मग आमच्या वाट्याला ९०० रुपयेच. बाबांचे स्ट्रेचर टोपल्यांच्या मध्ये.

बाबांना विचारायला जीभ रेटेना. आमच्या घरात मासे येत नाहीत. पण ते म्हणाले, मला चालेल. बर्फातले म्हणजे रोहू असणार. मी म्हटले, तुम्हाला काय माहीत? म्हणाले, ऑफिसच्या कँटीनमध्ये काय मिळत होतं वाटलं तुला, वरणभात? आईलाही ठाऊक होतं.

आई जाऊन अकरा वर्षे झाली. मला आज कळले.

संध्याकाळी घोषालबाबूंचा निरोप: पायलट माशांबरोबर पेशंट न्यायला तयार नाही. वास मुरतो. मी म्हटले, वडिलांची हरकत नाही. ते म्हणाले, हरकत मासेवाल्याची आहे.

तक्ता क्रमांक सहा रद्द. ४,८००.

२६ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर सेन आले. ४ मार्चला प्लास्टर काढू म्हणाले. मग कुबड्या. त्यांच्या कानावर विमानाचे गेले होते (काकू). त्यांनी विचारले, ट्रेनने का नेत नाही? मी म्हटले, तुम्हीच नाही म्हणालात. ते म्हणाले, मी म्हणालो होतो सहा आठवडे नाही. सहा आठवडे कधीच झाले.

ते गेल्यावर ९ जानेवारीची माझी वही काढली. माझ्याच अक्षरात: सहा आठवडे आगगाडीचा प्रवास नाही.

म्हणजे या रोजनिशीतली नोंद क्रमांक ६ अपुरी आहे. नक्कल करताना दोन शब्द गळले. असे होऊ शकते.

प्रयोगशाळेत असे झाले तर आम्ही सर्टिफिकेट रद्द करतो.

२८ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. गाडी हादरते, विमान हादरत नाही. (विमानात मी कधी बसलेले नाही.) तेव्हा मूळ निष्कर्ष कायम. तक्ता क्रमांक सात केला.

बाबा म्हणाले, माझा रेल्वेचा पास आहे, खालचा बर्थ मिळेल, एक माणूस बरोबर चालतो. फुकट. मी म्हटले, प्रश्न पैशाचा नाही. ते म्हणाले, इतके दिवस पैशाचाच होता.

तक्ता तपासायला त्यांच्या हातात दिला.

२ मार्च, बुधवार

तक्ता क्रमांक सात बाबांनी परत दिला. सगळ्या बेरजांवर लाल बरोबरची खूण. फक्त सामानाच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह: होल्डॉल?

मी म्हटले, पेशंटला होल्डॉल लागत नाही. म्हणाले, पेशंटचा नाही. तुझा. दिल्लीला काय पांघरणार तू, तक्ते?

मी तक्त्याची घडी घातली.

बाबा म्हणाले, रजिस्टर पत्राची सही मीच केली होती, शकू. पाकिटावर नाव छापलेलं होतं. दोन दिवस वाट बघितली, म्हटलं बोलेल. मग म्हटलं माळ्यावरचा होल्डॉल तरी काढून ठेवू, पट्टे धड आहेत का बघू. नव्हते. पट्टा हातात आला, बाकी सगळं खाली.

नोंद क्रमांक ४ मध्ये होल्डॉल आहे. मीच लिहिला आहे. रोज दिसत होता.

विचारले, मग इतके दिवस बोलला का नाहीत? म्हणाले, तू बोलत नव्हतीस. आणि खरं सांगू, मला मजा येत होती. निवृत्त झाल्यावर कुणी भाड्याचं काही विचारलंच नव्हतं.

मग गंभीर झाले. म्हणाले, विमानानं नेलंस तर पोचवलंस म्हणतील, गाडीनं नेलंस तर धाडलंस म्हणतील, असं वाटतं ना तुला? नागपूरची माणसं एवढा बारीक काटा ठेवत नाहीत. विचार दादाला.

नाही म्हणाला तर?

तर नाही म्हणेल. मग बघू. तुझ्या सात तक्त्यांत त्याला विचारल्याचा रकाना कुठाय?

आणि मला विचारल्याचाही, म्हणाले. हे जरा हळू म्हणाले.

तेव्हा विचारले. जाल का? म्हणाले, सुनीती भांडी हळू ठेवणार असेल तर जाईन. आणि नसेल तरी जाईन. तू जा.

६ मार्च, रविवार. सकाळी १० वाजून २० मिनिटे

स्टुलाचा पाय सारखा करून घेतला. होल्डॉलला मोच्याने नवे पट्टे लावले. घोषालबाबूंना विमान नको म्हणून कळवले. ते म्हणाले, वडिलांना नमस्कार सांगा, रिकाम्या परतीचं पहिल्या दिवशी विचारणारे फार थोडे.

तक्ते एक ते सात बाबांनी मागून घेतले. उशीखाली आहेत.

दादाला पत्र लिहिले. चार खर्डे झाले. पहिल्यात विमान होते. शेवटच्याची नक्कल, या वेळी शब्द मोजून:

ती. दादास शकुनचा शि. सा. नमस्कार.

९ जानेवारीला बाबा पडले. डावा पाय मोडला. प्लास्टर परवा निघाले, कुबड्यांवर चालतात. तुला आठ आठवडे कळवले नाही. चूक माझी.

मला दिल्लीला दोन वर्षांचे ट्रेनिंग मिळाले आहे. १ एप्रिलला हजर व्हायचे. मला जायचे आहे.

बाबांना दोन वर्षे तुमच्याकडे ठेवून घ्याल का? वहिनीला विचारून लिही. तिला अडचण असेल तर ती काय, तेही लिही. बाबा यायला तयार आहेत. मी त्यांना गाडीने घेऊन येईन.

दिल्लीला मला २० तारखेपर्यंत कळवायचे आहे. उत्तर हो असो वा नाही, १५ मार्चपर्यंत माझ्या हाती पडेल असे पाठव.