नऊ शेर तेल

अचलपूर, चैत्र शुद्ध ३, शके १७८७

तीर्थरूप भगवंतरावदादांचे चरणी धाकट्या सूर्यभानचा दंडवत. वि. वि.

घरी सारे खुशाल, पण माझं मन थाऱ्यावर नाही. आबांच्या वेळेपासून आपलं तेल गाळणारा जैनुद्दीन चोर निघाला! तुम्ही दिलेल्या बियाण्याचं जवस दरसाल मणाला बारा शेर तेल द्यायचं. यंदा पहिल्या मणाचं त्यानं नऊच आणून ठेवलं. चार माणसांत विचारलं, तर मान खाली घालून उभा. मी त्याचा घाणा बंद करवला. तो अन् त्याची बायको रहिमाबी बैल घेऊन गाव सोडून गेले. उरलेलं मणभर जवस गाडीनं पाठवतो, तिकडे गाळून घ्या. वहिनींना नमस्कार. लेकरावरची माया आटू देऊ नये.

अकोला, चैत्र वद्य २

चि. सूर्यभानास आशीर्वाद.

तुझं जवस इथं गाळून घेतलं. घाण्यापाशी स्वतः उभा होतो. तेल निघालं सात शेर! त्याच बियाण्याच्या माझ्या जवसाचं तेरा. दोन्ही दाणे तळहातावर घेतले. माझा टपोरा, तुझा चपटा. कापसाच्या भावानं तुझे डोळे फिरले. काळं रान सगळं कापसाला दिलंस, जवस मुरमाड टेकाडावर फेकलंस. त्यात दाणा भरायच्या वेळी, माघातच ऊन तापलं. मुळाशी ओल नाही, तर दाण्यात तेल कुठून येणार?

पण जवसात सातच होतं, तर जैनुद्दीननं नऊ आणलं कुठून? आधी त्याला शोध, मग मला तोंड दाखव. मोठा म्हणून रागावलो, मनात ठेवू नकोस.

अचलपूर, वैशाख शुद्ध ६

तीर्थरूप दादांस दंडवत.

जैनुद्दीन परतवाड्याच्या बाजारात सापडला. कापसाचे गठ्ठे वाहत होता. या वयात! मी पाय धरले. वरचं दोन शेर कुठलं, विचारलं. म्हणे, आमच्या घरचंच व्हतं, मालक. बी तुमच्या भावानं देल्लं. तेल लयच कमी दिसलं असतं तं तुमी त्याह्यलेच बोल लावला असता. भावाभावात वाकडं काहून येऊ द्याचं?

दादा, मला बाजारातच रडू फुटलं. त्याच चार माणसांना त्याच्या बिऱ्हाडी नेऊन त्यांच्यादेखत माझी चूक कबूल केली, गावी चल म्हणालो. रहिमाबीनं पाणी दिलं. त्यानं माफी केली, पण आला नाही. म्हणे, आता मी तेल आनलं का तुमी मापूनच घेसान.

मी एकटाच परतलो. तुमचा लोभ उणा झाला असेल, तर तोही मीच गमावला.

सूर्यभान